वळवलेला खिळा

"ट्रॉलीखाली कुणी थांबू नका! सरका म्हणतो ना!" शिडीवर चढता चढता मच्छिंद्र ओरडला.

माणसं भिंतीकडं सरकली. वर लोखंडी गाडरला कहिल उचलायच्या हॉइस्टची ट्रॉली तिरकी होऊन अडकली होती. सकाळी पाकाची दुसरी कहिल चुलवणावरून उचलून गूळ निवायच्या वाफ्याकडं ढकलत असताना ट्रॉलीची मोठी पिन निम्मी बाहेर सरकली, कहिल एका अंगाला कलली आणि उकळता गूळ भसकन खाली आला. वाफ्यापाशी कामाला असलेली नकुशी उभी होती. गूळ तिच्यापासून वीतभर लांब पडला, शिंतोडे मात्र पायावर उडाले. आता ती ओट्यावर बसून पोटरीवर ओलं फडकं धरून होती. कळवळत होती.

राहू गावच्या या गुऱ्हाळातल्या कप्प्या, साखळ्या, ट्रॉल्या तपासायचं काम मच्छिंद्रचं. फोन आला तसा तो यवतहून मोटरसायकल दामटत आला, आणि नकुशीचा पाय बघितल्यावर त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली.

ट्रॉलीवर दसऱ्याचा झेंडूचा हार अजून तसाच होता, वाळून कोळसा झालेला. त्यानं तो ओरबाडून खाली फेकला. मोठी पिन निसटू नये म्हणून तिच्या टोकाला बारीक कॉटर पिन असते. ती कुठं दिसेना. त्या भोकात काजळी आणि ग्रीसनं माखलेला, मधोमध तुटलेला काहीतरी तुकडा अडकला होता.

"खिळा!" त्याचा आवाज पत्र्याला जाऊन भिडला. "कॉटर पिनच्या जागी खिळा! आरं, कुणाच्या डोक्यातनं निघालं हे? ज्यानं ठोकला ना, त्याला ह्याच कहिलीत बुडवला पायजे!"

"मी काय म्हणत व्हतो?" गुऱ्हाळाचे मालक हौसराव खालून बोलले. त्यांना जणू सुटायला वाटच सापडली. "परवा ग्रीस लावायला हाच चढला व्हता वर. रामधनी, गठुडं बांध. आत्ताच्या आत्ता."

रामधनी गुळव्या. पाच हंगाम झाले, दर साली गाव सोडून इथं येत होता. रसाचा नुसता वास घेऊन पाक कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. तो हात जोडून पुढं आला.

"मालिक, हमने तो सिर्फ ग्रीस लगाया. खिळा हम काय को मारेंगे? नीचे तो हमीच खडे रहते हैं."

"तोंड वर करून बोलू नको!"

"मिस्त्रीजी, आप ही बताइए."

मच्छिंद्रचं तिकडं लक्षच नव्हतं. त्याचं तर पित्त खवळलेलं. "हंगामात वेळ नसतो तुम्हांस्नी," तो पक्कडीनं तुकडा ओढत मालकावर डाफरला. "चालतंय तवर चालू द्या! माणूस मेला तरी कहिल थांबायची न्हाई!"

तुकडा निघाला. खाली उतरून त्यानं तो चिंधीनं घासून पुसला, मालकाच्या तोंडासमोर नाचवायला हात वर केला, आणि हात तसाच राहिला.

खिळ्याचं टोक वळवून परत खिळ्यालाच चिकटवलं होतं, वर दोन ठोके मारून चपटं केलं होतं. कुरकुंभच्या कारखान्यात असताना खिळ्याच्या एका उघड्या टोकानं मच्छिंद्रचा तळहात फाडला होता. तेव्हापासून तो असंच वळवायचा. दुसऱ्या कुणाला एवढा सोस नव्हता.

मागल्या शिमग्याच्या दिवशी कॉटर पिन मोडली होती. यवतचं दुकान बंद. उद्या बदलतो म्हणून त्यानं खिळा मारला होता. तो उद्या काही आला नाही. दसऱ्याला तपासायला आला, तर ट्रॉलीवर ताजा हार. दुसऱ्याच्या पूजेला हात कशाला लावा म्हणून त्यानं खालूनच मान वर केली आणि खांबावर खडूनं तपासल्याची तारीख लिहिली. तारीख अजून तिथंच होती.

"काय झालं, मिस्त्री?" हौसरावांनी विचारलं.

मच्छिंद्रनं मूठ मिटली. रामधनी खोपीत जाऊन चादरीत कपडे कोंबत होता. आत त्याची बायको हमसून हमसून रडत होती. कुणालाच काही कळलेलं नव्हतं. मूठ खिशात घातली असती तर मिटलं असतं.

"रामधनी," त्यानं हाक मारली. "गठुडं ऱ्हाऊ दे. चार इंची खिळा आण. आन् हातोडी."

रामधनीनं आणून दिलं. मच्छिंद्र ओट्यापाशी उकिडवा बसला. पक्कडीनं टोक वळवलं, परत आणलं, चिकटवलं. दोन ठोके घातले. मग नवा खिळा आणि जुना तुकडा नकुशीच्या शेजारी ओट्यावर ठेवला.

हौसरावांनी वाकून बघितलं. एकदा हा, एकदा तो. मग ते मच्छिंद्रकडं बघायला लागले.

नकुशीनं मात्र खिळ्यांना हातसुद्धा लावला नाही. दसऱ्याचा हार तिनंच ओवला होता. त्या दिवशी शिडी धरून तिनंच विचारलं होतं, मिस्त्री, हार काढू का? आणि हा म्हणाला होता, ऱ्हाऊ दे, दिसतंय मला.

तिनं पोटरीवरचं फडकं हळूच उचललं. आतलं कातडं सोलून लालभडक झालं होतं. पाय तिनं त्याच्या पुढ्यात सरकवला.

"आता दिसतंय का, मिस्त्री?" ती म्हणाली.