दोनशे फुटांवर थांबलेला काटा

शून्य फूट

मी एक जुना उंचीमापक आहे. विमान जमिनीपासून किती वर आहे, हे वैमानिकाला सांगणं माझं काम. मला एका शिकाऊ लष्करी विमानात बसवलं होतं. मित्रांनो, हवेचा दाब रोज बदलतो, म्हणून उड्डाणाआधी माझी खुंटी फिरवून काटा शून्यावर आणावा लागतो. एवढं लक्षात ठेवा.

दोनशे फूट

ऐंशी वर्षांपूर्वीची, महायुद्धाच्या काळातली गोष्ट. विमान चालवायला शिकणारा तंजावूरचा कृष्णस्वामी वीस वर्षांचा होता. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, त्याने माझ्या खुंटीवर चंदन लावलं, वर कुंकू. दुसऱ्या दिवशी सकाळी विमान जमिनीवरच होतं, तरी काटा दोनशेवर.

मेकॅनिक म्हणाला, "खुंटी फिरव."

"पूजेचं कुंकू पुसू? मनात दोनशे वजा करतो की."

तासभर त्याने बरोबर वजा केले. उतरताना धुकं आलं. तो वजा करायला विसरला, आणि काटा दोनशे दाखवत असतानाच विमान जमिनीवर आदळलं.

त्या वर्षी त्या मैदानावर शिकतानाच गेलेला तो पाचवा. शत्रूचं विमान कोणी पाहिलंही नव्हतं.

अजून दोनशे

मेकॅनिकने मला त्याच्या घरी पोचवलं, सगळं सांगितलं. घरच्यांनी मात्र गावाला सांगितलं, लढाईत गेला. सहा वर्षांची बहीण सरोजा दाराआडून ऐकत होती. पुढे तीच दर आयुधपूजेला माझ्या काचेला गंध लावू लागली. खुंटीला कधीच नाही. एरवी मी कपाटात, टॉर्चच्या सेलांशेजारी.

यंदा तिची नात जननी हवाई दलात उड्डाण शिकायला निघाली आहे. "आता लढाई कुठे आहे?" म्हणून तिच्या आईने, नंदिताने, होकार दिला.

पूजेत जननीने गंधाचं बोट खुंटीकडे नेलं.

"तिथे नको गे!" सरोजा ओरडली.

"का आजी, म्हाताऱ्याला गुदगुल्या होतात?"

सरोजा हसली नाही. तिने कुंकवाचं आणि धुक्याचं सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे शिकतानाच?" नंदिताने प्रसादाच्या सुंडलची, चण्यांच्या उसळीची वाटी खाली ठेवली. "आणि हे आत्ता सांगतेस, अम्मा? तिकीट काढल्यावर?"

"नाही सांगितलं तर ही पण कुंकू राखत बसेल."

नंदिता उठली. मला वाटलं, झालं, पुन्हा कपाट. आणि जननीही घरातच. पण तिने खोबरेलाचा थेंब माझ्या खुंटीत सोडला आणि मला जननीच्या मांडीवर ठेवलं.

"फिरव."

"आज? आज हत्यार चालवायचं नसतं, आई."

"फिरव म्हणते ना!"

काटा कुरकुरला, मग हलला.

शून्य

मित्रांनो, पूजा आम्हा यंत्रांनाही आवडते. काचेला गंध खुशाल लावा. खुंटी तेवढी मोकळी ठेवा.

जननी गुरुवारी निघते.