पुढे धरलेली हनुवटी

आईच्या जिभेला हाड नाही, असं सगळं घर म्हणायचं. पण डॉक्टरांच्या खोलीत शिरली की तिची दातखीळ बसायची. पडद्यावर लेकीच्या स्कॅनमधली कवटी गरगर फिरत होती.

"खालचा जबडा मागे राहिलाय," डॉक्टर म्हणाले. "हाड कुठे कापायचं, किती पुढे सरकवायचं, हे आता एआय ठरवतं. हजारो जबडे पाहिलेत त्याने. इथे जरा इकडचं तिकडे झालं ना, तर दातावर दात बसत नाही, जन्मभर घास चावता येत नाही. म्हणून तर मशीन."

मग त्यांनी ऑपरेशननंतरचा चेहरा दाखवला. "आई, ही मी?" लेक एवढंच म्हणाली. आजवर आरशाकडेही तिरकी बघणारी पोर ती! तिचं ते हरखणं बघून आईने मनातली शंका गिळली. कवटीतला जबडा तिला वाटला होता तेवढा मागे नव्हता, इतकंच. असेल बाई, शिकलेल्यांना आपल्याहून जास्त कळतं.

ऑपरेशनच्या सकाळी लेकीला गुंगीचं औषध दिलं. थिएटरच्या दाराशी स्ट्रेचर थांबलं. आई तिच्या केसांवरून हात फिरवत होती. पोरीचे डोळे मिटत आले आणि हनुवटी हळूच मागे सरकली, चांगली बोटभर. झोपेत ती अशीच दिसायची. जागेपणी चारचौघांत मात्र कधीच नाही. शाळेत पोरं चिडवायला लागली तेव्हापासून ती जबडा पुढे रेटून धरायची.

आई स्ट्रेचरवर वाकली.

"बाळा, स्कॅन काढायला त्या मशीनपुढे उभं केलं तेव्हा हनुवटी पुढे धरली होतीस?"

"धरणारच ना," लेक पुटपुटली. "लोक बघत होते." आणि झोपली.

वॉर्डबॉयने स्ट्रेचर आत ढकललं. दार मिटलं. आईने दिसेल त्या सिस्टरचा हात धरला.

"डॉक्टरांना थांबवा हो. तिचा जबडा तिथे नाहीच मुळी. मशीनने मोजलंय ते तिचं सोंग मोजलंय. त्या मापाने कापलंत तर पोरीच्या तोंडाचं वाटोळं होईल."

सिस्टर भली होती. आत गेली. आई दाराला तळहात टेकून उभी राहिली. शेजारणीशी कचऱ्याच्या डब्यावरून भांडताना आपल्याला मेली वाचा फुटते, आणि त्या दिवशी एक साधा प्रश्न विचारता आला नाही. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली तिला.

बऱ्याच वेळाने सिस्टर बाहेर आली. तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला.

"अजिबात काळजी करू नका, मावशी. तुमच्यासाठी डॉक्टरांनी तोच स्कॅन घालून कॉम्प्युटरला मुद्दाम पुन्हा विचारलं. सगळं बरोबर आहे म्हणतोय. सुरू केलंय त्यांनी."