पाचवी चिठ्ठी

"पंतप्रधान, हा करार करण्याआधी तुम्ही स्वतःच्या पक्षाला विचारलंत का?"

हा प्रश्न विचारायची पैज वर्गातल्या नील आणि आर्यानं लावली होती. "विचारूनच दाखव, मधू! जाईपुढे तुझी पार मांजर होते." गेल्या वर्षापर्यंत वर्गात हात वर करतानाही घाम फुटणाऱ्या मधुवंतीनं तो शाळेच्या मॉक पार्लमेंटमध्ये चक्क ठणकावून विचारला.

पंतप्रधान होती जाई, तिची पहिलीपासूनची मैत्रीण आणि तिच्याच पक्षाची नेता. तिनं शेजारच्या देशाशी परस्पर करार करून मासेमारीचा अर्धा समुद्र देऊन टाकला होता. देश खोटा, समुद्र कागदावरचा. पण तिच्याच पक्षाचे चिडलेले खासदार खरेखुरे होते.

जाई हसली. "चिल लाह, एवढं काय तापतेस, मधू. तू माझ्या बाजूला आहेस ना? मग झालं."

"हो," मधुवंतीच्या तोंडून निघून गेलं. अख्खा हॉल हसला. ते हसणं तिला झोंबलं.

नियम सोपा होता. पक्षाच्या वीस खासदारांपैकी पाच जणांनी नेत्याविरुद्ध चिठ्ठी लिहून मतमोजणी सांभाळणाऱ्या निहारच्या मायलो पावडरच्या रिकाम्या डब्यात टाकली, की पक्षात मतदान. कुणी लिहिली ते फक्त निहारला कळणार. आणि चिठ्ठी परतही मागता येते! रिसेसमध्ये मधुवंतीनं लिहून टाकली. जाईला जरा टरकवू, मग घेऊ काढून.

कॅन्टीनमधून ती परत आली तर डबा टेबलावर उपडा.

"पाच झाल्या की परत मिळत नाही," निहार हळूच म्हणाला. "तुझी पाचवी होती."

बारा विरुद्ध आठ. जाई पडली.

घरी जाताना एमआरटी ट्रेनमध्ये जाईनं मधुवंतीच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तू नव्हतीस त्यात, एवढं तरी बरंय."

खांदा जणू दुसऱ्याच कुणाचा होता. टॅम्पिनीस स्टेशन आलं, दार उघडलं, मधुवंती उतरली. लिफ्टमध्ये बटण दाबायचं राहिलं, तशीच उभी राहिली.

जेवताना ताटातली खिचडी गार झाली. चव लागतच नव्हती. शेजारी फोन थरथरत होता: मधू फॉर पीएम! मधू फॉर पीएम!

"अगं, उभी राहा की!" बाबा खुश. "उद्याच नव्या नेत्याची निवड आहे ना?"

"बाबा, पाचवी चिठ्ठी माझी होती."

आईचा तुपाचा चमचा हवेतच थांबला. "जाईला माहितीये?"

"नाही."

"कुणी सांगणार आहे?"

"निहार नाही सांगणार. नियम आहे."

"मग राहू दे ना, बाळा. खेळच होता तो. उगाच दहा वर्षांची मैत्री..."

मधुवंतीनं फोन पालथा घातला. आवाज तिचाच होता, पण लांबून आल्यासारखा.

"मी उभी राहत नाहीये. आणि उद्या सकाळच्या असेंब्लीच्या आधी जाईला मीच सांगणार आहे."