साखरेखाली माणूस

१९९७ सालचा मे महिना. दुबईजवळ जबल अलीच्या एका साखरेच्या गोदामात धनंजय शिफ्ट सुपरवायझर होता. पोती भरायचं नवं मशीन बसवायला तिथे कोलंबियाहून दोन फिटर आले होते, पन्नाशीतला आउरेलिओ आणि त्याचा जावई विल्मर. दोघांना स्पॅनिशखेरीज काही येत नव्हतं. सोबतचा इंजिनिअर इंग्रजी बोलायचा, पण त्या दिवशी तो अबू धाबीला गेला होता.

जेवणाच्या सुट्टीत गोदाम रिकामं झालं. धनंजय केबिनमध्ये डबा उघडत होता, तोच आउरेलिओ धावत आत शिरला. केसांवर, भुवयांवर पांढरी पूड. तो धनंजयचा दंड धरून ओढायला लागला, ओरडायला लागला. त्या ओरडण्यात एकच शब्द पुन्हा पुन्हा येत होता.

"असूकार! असूकार!"

गेटवरचा सुदानी वॉचमन नूरुद्दीन त्याच्या मागोमाग आला. इतकी वर्षं हिंदी लोकांत राहून त्याला कामापुरती हिंदी यायची. "सर, ये शक्कर मांगता. अरबी में बोलता, अस्-सुक्कर."

धनंजयला ते पटलं. त्यालाही तो शब्द ओळखीचाच वाटला होता. उन्हाने माणसाची शुगर उतरली असणार. त्याने घाईघाईने चहात साखर ओतली, आउरेलिओला खांदे दाबून खुर्चीत बसवलं आणि कप त्याच्या तोंडाला लावला.

आउरेलिओ त्या कपाकडे बघतच राहिला. मग त्याने तो फटकन उडवला. "पोर फावोर," तो हात जोडून रडायला लागला. "पोर फावोर!"

हे 'प्लीज' मात्र धनंजयने घरी ऐकलं होतं. त्याच्या बायकोने, समिधाने, पुण्यात स्पॅनिशचा डिप्लोमा केला होता. दुबईत त्यावर नोकरी मिळाली नाही, पण विसरायला नको म्हणून ती कॅसेट लावून बसायची. "त्यापेक्षा अरबी शीक, इथे कामाला येईल," असं तो तिला नेहमी म्हणायचा.

त्याने घरी फोन लावला. "समिधा, इथला फिटर नुसता रडतोय. काय म्हणतोय ते ऐक जरा."

रिसीव्हरमधून आपली भाषा ऐकताच आउरेलिओ धडाधड बोलत सुटला आणि मग त्याने रिसीव्हर धनंजयच्या कानाला दाबला.

"धनंजय," समिधा ओरडली, "त्याचा जावई साखरेखाली आहे! पोत्यांची थप्पी कोसळलीय, मशीनच्या मागे. आतून आवाज येत होता म्हणतोय. धाव!"

"आदमी शक्कर के नीचे है," सांडलेल्या चहाकडे बघत धनंजय नूरुद्दीनला म्हणाला. आपण या माणसाला चहा पाजत होतो.

"यल्ला! चलो!" नूरुद्दीन ओरडला, तेव्हा तो भानावर आला.

मेसमधली माणसं उष्ट्या हातांनी धावली. फोर्कलिफ्ट घातली असती तर उरलेली थप्पीही खाली आली असती, म्हणून पोती हातानेच उचलायची होती. फुटलेल्या पोत्यांतली साखर घामाने अंगाला चिकटत होती. शेवटी एक हात दिसला. धनंजयने तो धरला. बोटं हलली.

विल्मर जिवंत होता, पण त्याचा उजवा पाय मशीनच्या लोखंडी चौकटीखाली चिरडला होता.

समिधा टॅक्सीने हॉस्पिटलात पोचली. डॉक्टरांनी तिला इंग्रजीत सांगितलं, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, पेशंटला विचारा. हात, पाय, नाक, कान हे शब्द ती वर्गात हसत-खिदळत शिकली होती. आता विल्मरसमोर उभं राहून तेच शब्द वापरायचे होते. तिने सांगितलं. त्याला वाटलं, हिचं स्पॅनिश कच्चं आहे, हिला दुसरंच काही म्हणायचंय. त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

बाहेर बाकावर नूरुद्दीन बसला होता. "मॅडम, मैं गलत सुना?"

"नाही," ती हिंदीत म्हणाली, "बरोबर ऐकलंस. स्पॅनिशमध्ये असूकार म्हणजे साखरच. शब्द तुमचाच आहे." तिने त्याला सांगितलं, की ही भाषा लॅटिनमधून निघाली, पण स्पेनवर शेकडो वर्षं अरबांचं राज्य होतं, तेव्हा तुमचे हजारो शब्द तिच्यात गेले. मग ती जहाजांतून समुद्रापार गेली आणि आज वीसेक देशांत बोलली जाते. तुमचा सुक्कर आणि आमची साखर, दोन्ही मुळात एकच.

एकेकाळी हे सगळं तिने परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. शब्द ओळखीचा निघाल्यामुळेच माणूस साखरेखाली पडून राहिला, हे बोलता बोलता तिच्या लक्षात आलं आणि ती मध्येच थांबली.

"हमारा ही लफ्ज..." नूरुद्दीनने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

ऑपरेशन झालं. आउरेलिओने समिधाला विनवलं, माझ्या मुलीला तू फोन कर, माझ्याने होणार नाही.

"अलो?" पलीकडून 'हॅलो' म्हणणारा झोपेतला, अगदी कोवळा आवाज आला. समिधाने आपलं नाव सांगितलं. विल्मर जिवंत आहे, हे सांगितलं. पुढचं सांगायला तिने श्वास घेतला, तेव्हा शेजारी उभ्या आउरेलिओने रिसीव्हर हळूच तिच्या हातातून काढून घेतला आणि मुलीला नावाने हाक मारली.