लखलख काकूंचे स्फटिक

देवाने माणसाला दोन हात दिले. काकूंना देताना त्यांत फडकंही दिलं. म्हणून वर्गात त्यांचं नाव पडलं लखलख काकू. लग्नामुळे सुटलेली पदवी पन्नाशीत पुरी करायला निघालेल्या, आणि शेजारच्या टेबलावर, त्याच वर्गात, पोटची लेक. रसायनशास्त्राच्या प्रात्यक्षिकात काकू दोनदा आपटल्या होत्या. ही तिसरी आणि शेवटची संधी.

काम तसं साधं. दोन ग्रॅम मळकट बेंझोइक आम्ल उकळत्या पाण्यात विरघळवायचं, कोळशाची पूड घालून गरमच गाळायचं आणि थंड करायचं. मळ पाण्यात राहतो, शुद्ध स्फटिक खाली बसतात. ते गाळून, वाळवून किमान एक ग्रॅम परीक्षकांच्या हातात द्यायचे.

काकूंच्या पांढऱ्याशुभ्र सुया गाळणकागदावर आल्यासुद्धा! आता चमचाभर बर्फाचं पाणी शिंपडलं की झालं. पण कागदाच्या कडेला पिवळट छटा दिसली आणि काकूंच्या अंगात आलं. गार पाण्यानं कधी डाग जातो? त्यांनी उकळतं पाणी ओतलं. मग आणखी एकदा, हात सैल सोडून.

"आई, अगं काय करतेस!"

"डाग काढतेय."

"डाग राहिला, बाकी सगळं गेलं बघ!"

कागद रिकामा. चिमूटभरही नाही.

"बोलणं बंद!" परीक्षक गरजले.

काकूंचे डोळे भरले. सवयीनं त्यांनी नरसाळ्याखालचा चंबू उचलला आणि घासायला बेसिनकडे निघाल्या. लेक जिवाच्या आकांतानं खाकरली. काकू थबकल्या. विरघळलेलं जाईल कुठे? या गढूळ पाण्यातच असणार की!

त्यांनी चंबू बर्फात ठेवला. आता फक्त थांबायचं, हलवायचं नाही. चंबूवर बाहेरून कोळशाचा काळा ओघळ होता. काकूंनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"बाई, काय करताय?" परीक्षकांनी विचारलं.

"काही करत नाहीये, साहेब. फार जड जातंय."

तळाशी एक कण चमकला. मग दहा. मग अशी दाटी झाली, जणू कुणी एकेकाला नाव घेऊन हाक मारली. काकूंनी गाळलं, चमचाभरच गार पाणी शिंपडलं, वाळवलं. द्रवणांक एकशे बावीस अंश, म्हणजे माल शुद्ध. वजन एक ग्रॅम आणि वर जेमतेम चिमूट.

"पास," परीक्षक म्हणाले. "पण एवढा वेळ कशाला लागला?"

"धुवायला पाच मिनिटं, साहेब. न धुवायला पाऊण तास."