दर्शनी बाजू

पाकिटाचा एक कोपरा दुमडून मऊ झाला होता आणि पुस्तकातून तेवढाच बाहेर डोकावत होता. मुख्याध्यापिकेचं पत्र. उत्तर द्यायचं म्हणून निवृत्त ग्रंथपालानं ते हाताशी ठेवलं, मग खूण म्हणून पुस्तकात घातलं. ते पुस्तक संपलं, पत्र पुढच्या पुस्तकात गेलं, मग त्याच्याही पुढच्या…

"पाठ झालं असेल एव्हाना," चहा ठेवताना बायको म्हणाली. "हो की नाही ते कळवून टाका त्या बाईंना."

"विचार करतोय."

"तो तुम्ही लग्नाआधीही करतच होतात."

पत्रात दोनच गोष्टी होत्या. शाळेचा पट घसरतोय, यंदा मुलं वाढली नाहीत तर शाळा बंद करून मुलं दुसरीकडे पाठवतील. म्हणून माहितीपत्रक काढायचं आहे, तर सर, शाळेचा परिचय तुम्ही लिहावा. आणि समोरचा रस्ता आता खरंच होतो आहे, तेव्हा दर्शनी दार उघडावं म्हणते. वाचनालय वरच्या मजल्यावर न्यावं लागेल, पण ते तुम्ही उभं केलेलं, तुमच्या संमतीशिवाय हात लावणार नाही. 

संमती! आजवर त्याला लोकांनी विचारलं ते 'सरकता का जरा' एवढंच.

शहर विरळ होत जातं तिथली ही सरकारी शाळा. बांधणाऱ्यांनी ती नकाशातल्या रस्त्याकडे तोंड करून बांधली — कमान, रुंद पायऱ्या, उंच दार — आणि रस्ता आलाच नाही. समोर रान माजलं. मुलं पहिल्या दिवसापासून मागून आली, सायकलींच्या छपराखालून, वाकून. दर्शनी दालन ओस पडलं म्हणून ते ग्रंथपालाला मिळालं, आणि त्यानं दाराला पाठ लावून शब्दकोशांचं सर्वांत मोठं कपाट उभं केलं. त्याची अख्खी नोकरी म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी चुकीच्या आडोशाला मांडलेली एक खुर्ची… हे परिचयात कसं लिहिणार? आणि हे वगळून आपल्याला शाळेचं ठाऊक तरी काय आहे?

एकदा बघून यावं म्हणून त्यानं पत्र खिशात घातलं आणि निघाला. 

छपराखाली शिपाई स्टुलावर बसला होता. "या, कुजबुज सर. पुस्तक परत करायला आलात? दंड बराच होईल हं."

तो काहीतरी पुटपुटला. 

"मोठ्यानं बोला की. आत एकच पोरगी आहे, तीही बहिऱ्यासारखी वाचते."

दालनात दिवा गेलेला होता. कपाटाच्या कडेनं, बंद दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी जमिनीवर पडली होती. ती त्याच्या ओळखीची — डोळ्यांवर यायची म्हणून तो खुर्ची फिरवून बसायचा. मुलीनं मात्र खुर्ची ओढून नेमकी त्या पट्टीत आणली होती, आणि पट्टी सरकेल तसं पुस्तक सरकवत ती वाचत होती. 

"आजोबा," मान वर न करता ती म्हणाली, "ते कपाट हलवता येईल का थोडं? उजेड अडतो."

त्यानं खांदा लावला. कपाट ढिम्म. शिपाई आला, हात लावत म्हणाला, "तुम्हीच बसवलंत, आता तुम्हीच ढकला." लाकूड करकरलं, कपाट हातभर सरकलं. पट्टी रुंद झाली. मुलीनं पान उलटलं. 

दार चाळीतल्या कुणा शेजाऱ्यासारखं उभं होतं, इतकी वर्षं पाठीला पाठ लावून… रस्ता नव्हता, म्हणून दार बंद होतं, असं तो सांगत आला. रान काही कायमच माजलेलं नव्हतं. दार मोकळं असतं तर मुलांनी पायवाट पाडली असती. कदाचित. आता कोण सांगणार.

मुख्याध्यापिकेची खोली चार पावलांवर होती. आत जाऊन सांगता आलं असतं. तो बाहेर पडला, कुंपणाला वळसा घालून नव्या रस्त्याच्या खडीवर आला, आणि थांबला. पायऱ्या, कमान, गवतात बुडलेला कट्टा. ही शाळा त्यानं कधी पाहिलीच नव्हती. आपला कोट घालून कुणी परका समोरून यावा, तसं काहीसं वाटलं. वाईटही वाटलं नाही. 

टपाल कचेरीत, दोरीला बांधलेल्या पेनानं त्यानं लिहिलं : 'दार उघडा. वाचनालय वर न्या, वरच्या खोलीत उजेड आहे. परिचय लिहीन, पण सुरुवात मागच्या बाजूनं करीन. चालत असेल तर कळवावं.' शेवटचं वाक्य त्यानं खोडलं. पत्ता बघायला खिशातलं पाकीट काढलं, तेव्हा लक्षात आलं की घरी पुस्तकात आता खूण उरलेली नाही. 

कुठल्या पानावर होतो आपण? त्याला आठवेना. पत्र पेटीत पडल्याचा बारीक आवाज आला, तरी तो आठवत उभा राहिला — मग आठवायचंही राहून गेलं.