पलीकडच्या खोऱ्यात

त्या रविवारी अमेरिकेत, फिनिक्सजवळच्या चँडलरच्या मराठी शाळेत चारच मुलं होती, त्यातलं एक चुकून आलेलं. त्याचा तबल्याचा क्लास शेजारच्या खोलीत होता. शाळा चालू ठेवायची की नाही, हे पालक चहानंतर ठरवणार होते. शाळा काढली नरेंद्रकाकांनी. ते हृदयाचे डॉक्टर, आता रिटायर्ड. काही बंद पडायला लागलं की त्यांना अजून स्वस्थ बसवत नाही.

चहाआधी त्यांची मुलगी अंतरा नामशेष झालेल्या मॅमथ हत्तींवर बोलली. ती म्युझियममध्ये हाडांचा अभ्यास करते. बाराखडी इथेच शिकली, बोलते इंग्रजी.

"पण मारलं कुणी?" काकांना एकच निदान हवं होतं. "हवेनं की शिकाऱ्यांनी?"

"बाबा, इट्स नॉट दॅट सिंपल."

मग तिनं सांगितलं ते असं. वाद अजून मिटलेला नाही. हवा बदलली, चारा घटला, कळप विरळ झाले. मादीला काही वर्षांतून एक पिल्लू. अशात अधूनमधून एखादंच जनावर जास्त मारलं गेलं, तरी पुरे. शेवटचं मारणाऱ्यालाही ते कळलं नसेल. त्याला वाटलं असेल, पलीकडच्या खोऱ्यात आहेतच की.

चहा झाला.

"काका, अनिकाचं स्विमिंग असतं हो रविवारी," तिची आई सीमा म्हणाली. "पण बाकीची मुलं आहेतच की."

बाकीच्यांचे आईबापही हेच म्हणत होते.

"आणि फिनिक्सच्या पलीकडे आहे ना एक शाळा," प्रसन्न म्हणाला. "आपली क्लोज केली म्हणून मराठी मरत नाही, यार."

काकांनी ती शाळा चालवणाऱ्या वीणाताईंना लगेच फोन लावला.

"अय्या, काका! आम्ही दिवाळीतच बंद केली. म्हटलं, तुमची आहेच."

काकांनी हे सगळ्यांना सांगितलं. मग कुणीतरी घड्याळ पाहिलं. फार वाईट वाटतंय, असं म्हणत एकेक हात वर गेला. शाळा बंद झाली.

गाड्या निघून गेल्या. अंतरा खुर्च्या एकावर एक रचत होती. मध्येच थांबली.

"बाबा," ती शब्द शोधत मराठीत म्हणाली, "मी येऊ? पुढचा रविवार? मला आता वाचायला नाही येत."

एकानं कळप होत नाही, हे काकांना कुणी सांगायला नको होतं. त्यांनी ढिगातून दोन खुर्च्या परत खाली काढल्या.

"ये," ते म्हणाले. "उशीर झाला तरी ये."